लाकझखी मीसन

समोरच्याने विचारलेलं नसताना त्याला त्याच्या नावाचा अर्थ सांगायचा, हे माझं जुनं व्यसन. लग्नाच्या पंगतीत शेजारचा परका माणूस नुसतं "मी मुकुंद" म्हणाला, तरी मठ्ठा येईपर्यंत मी त्याला मोक्षापाशी नेऊन सोडतो. बायको म्हणते, "माणसं तुमच्याशी ओळख करून घ्यायला घाबरतात." मी ते बरीच वर्षं कौतुक समजत होतो.

आमच्या ठाण्याच्या वाचनालयाने निसीम इझिकेल यांच्या जन्मशताब्दीचा छोटा कार्यक्रम ठरवला. इझिकेल १९२४ चे, जन्म मुंबईचा, कविता इंग्रजीतली, १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार. शिवाय इंदिरा संतांच्या कविता वृंदा नाबर यांच्यासोबत इंग्रजीत नेलेल्या, म्हणजे आपल्या वाचनालयाला त्यांच्यावर हक्क सांगायला जागा होती. बैठकीत कोण बोलणार, चहा कुणाचा, माईक कुणाचा असं सगळं चाललं होतं. नावाचा अर्थ कुणीही विचारला नव्हता.

"निसीम म्हणजे आपलं निस्सीम हो!" मी म्हणालो. "निः अधिक सीमा. ज्याला कुंपण नाही असा. आणि इझिकेल हे इराणी असावं."

बैठकीत वाहवा झाली. चिटणीसांनी निमंत्रणपत्रिकेत 'निस्सीम प्रतिभेचा कवी' असं घालूनही टाकलं. त्या रात्री मी सहज शब्दकोश उघडला आणि पुढचे दोन तास पाणी प्यायला उठलो नाही.

नाव हिब्रू निघालं. 'नेस' म्हणजे चमत्कार, आणि 'ईम' हा तिकडचा पुल्लिंगी अनेकवचनाचा प्रत्यय. आपण आंब्याचे आंबे करतो, तसे ते नेसचे निसीम करतात. कवीच्या आईवडिलांनी पोराचं नाव एक चमत्कार नव्हे, चक्क 'चमत्कार' असं घाऊक ठेवलं होतं. आडनाव मूळचं यखेझकेल. यातला ख घशातून खरवडून काढायचा, आपल्या खरबुजातला नव्हे. ख-झ-क या धातूत बळ, शेवटच्या 'एल'मध्ये देव. 'देव बळ देवो'. हाच एल डॅनिएलमध्ये, मायकेलमध्ये, सॅम्युएलमध्ये दडून बसलेला असतो. ग्रीक आणि लॅटिन बायबलांमधून प्रवास करताना घशातला ख वाटेत गळाला आणि इंग्रजीत इझिकेल येऊन पोचला. इराणचा काही संबंध नव्हता. मीच तिकडे जाऊन आलो होतो.

शहाण्या माणसाने इथे पत्रिका दुरुस्त करून गप्प बसायचं. मी हिब्रूची बावीस अक्षरं शिकायला घेतली. आठ दिवसांत मला नून, सामेख, योद ओळखू येऊ लागले आणि नवव्या दिवशी मी जाहीर केलं की मंचामागच्या फ्लेक्सवर कवीचं नाव हिब्रूत झळकेल. कल्पना माझी, मजकूर माझा, दहा बाय चारच्या फ्लेक्सचा खर्चही माझा.

फ्लेक्सवाल्या पोराने मी दिलेली अक्षरं त्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवली आणि पडदा माझ्याकडे वळवला. "काका, हे असंच ना?" माझा वाचायचा चष्मा घरी होता. तसं सांगणं कमीपणाचं वाटलं. "फक्कड!" म्हणालो. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात हे मला पाठ होतं. त्या सॉफ्टवेअरला मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

कार्यक्रमाला पन्नासेक मंडळी आली. पहिल्या रांगेत पांढऱ्या सदऱ्यातले एक आजोबा बसले होते. मी माईक हातात घेतला आणि 'देव बळ देवो'पर्यंत छान आलो. आजोबा मात्र माझ्याकडे बघतच नव्हते. मान तिरपी करून ते माझ्या डोक्यावरून फ्लेक्स वाचत होते. मग त्यांनी हात वर केला.

"एक विचारू का? हे लाकझखी मीसन कोण?"

सभेत कुणीतरी खुसखुसलं. मी मागे वळून पाहिलं. आता चष्मा होता, आणि अक्षरं एकामागून एक उलटी दिसत होती. फ्लेक्सवर आडनाव शेपटाकडून सुरू होत होतं आणि नावही त्याच्यामागोमाग शेपटाकडूनच येत होतं.

आजोबा उठून फ्लेक्सपाशी आले. "हा चौकोनी डबा दिसतोय ना, हा मेम. पण हे त्याचं शेवटचं रूप. हा शब्दाच्या शेवटीच येतो. तुम्ही तो पहिला ठेवलाय." मग जरा थांबून म्हणाले, "दारातच भिंत बांधलीत हो."

ते बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी होते, ठाण्यातलेच. मी त्यांच्या हातात माईक दिला, म्हणजे खरं तर माझ्या हातातून तो आपोआप गेला.

त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दकोशात पुढच्याच ओळीत होतं, पण मी चमत्कार दिसल्यावर पुढे वाचायचं थांबलो होतो. जुन्या बायबलात नेस म्हणजे चमत्कार नाही. काठीवर उंच उभारलेला झेंडा, लांबून दिसावी अशी निशाणी. मोशेने पितळी साप टांगला तो नेसवर. चमत्कार हा अर्थ पुढच्या काळातला. "म्हणजे बघा," आजोबा म्हणाले, "नावाचाच अर्थ फलक, आणि तुम्ही फलकावरच ते उलटं लावलंत!" त्या संध्याकाळी एवढी टाळी दुसऱ्या कशालाही मिळाली नाही. इझिकेलनाही नाही.

पुढे त्यांनी सहज सांगितलं की कोकणात यखेझकेलचा हसाजी झाला. शमुवेलचा सामाजी, एलियाहूचा एलोजी. १७९६ मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधणाऱ्या सॅम्युएल इझिकेल दिवेकरांना लोक सामाजी हसाजी दिवेकर म्हणत. नावात पैगंबर, आडनावात दिवे गाव. मग मुलं इंग्रजी शाळेत गेली तेव्हा बऱ्याच घरांत गावाचं 'कर' मागे पडलं आणि बापाचं किंवा आजाचं नाव आडनावाच्या जागी येऊन बसलं. सिनेमातले डेव्हिड आठवतात? पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. पडद्यावर आले ते नुसते डेव्हिड. चौल घरीच राहिलं.

चहाच्या वेळी आजोबांनी मला कोपऱ्यात गाठलं. "तुमचंही आडनाव 'कर'चंच. गाव कसं आहे?"

मी म्हणालो, "म्हणजे... अलिबागच्या पुढे कुठेतरी."

"पाहिलंय?"

चहा गरम आहे, असं मी म्हणालो. स्वतः ते दरवर्षी आपल्या गावी जाऊन येतात. विहीर कुठे, घाणा कुठे होता, शनिवारी तो बंद असायचा म्हणून गाव त्यांना शनिवार तेली कसं म्हणायचं, सगळं त्यांनी एका कपात सांगितलं. मी जगाला मुकुंदपासून यखेझकेलपर्यंत अर्थ वाटत फिरतो, आणि माझ्या आडनावातल्या गावाला एसटी जाते की नाही हे मला माहीत नाही.

फ्लेक्स मी घरी आणला. पैसे माझेच होते. आता तो पावसाळ्यात स्कूटर झाकायला आहे, अर्धं लाकझखी सीटवर आणि मीसन मागच्या चाकावर. आजोबांचा अधूनमधून फोन येतो. मलिद्याच्या विधीला बोलावतात, गुळातले पोहे आणि फळं घरी बांधूनही देतात. फोन माझ्या बायकोने उचलला, की तिच्या तोंडून माझं खरं नाव निघायच्या आत पलीकडून आवाज येतो, "लाकझखी आहेत का घरात?"

ती मला हाक मारते, "अहो लाकझखी, तुमचा फोन."