कोणी न मागितलेला सिनेमा

माणसाला आपल्या आवडीनिवडीबद्दल जेवढी खात्री असते तेवढी स्वतःच्या रक्तगटाबद्दलही नसते. सिनेमाच्या बाबतीत तर नसतेच नसते. ‘आपल्याला बुवा असले सिनेमे आवडत नाहीत’ असं ठणकावून सांगणाऱ्याने ‘असले’ सिनेमे सहसा पाहिलेले नसतात. पाहिले असते तर त्याने एकेकाचं नाव घेऊन शिव्या दिल्या असत्या. पूर्वी ही खात्री निदान घरच्यांच्या विरोधाला तोंड देत जगायची. आता तिला यंत्राची साथ मिळाली आहे. काल तुम्ही एक खुनाची मालिका पाहिलीत, म्हणून आज आणखी सहा खून अदबीने समोर हजर होतात. ‘साहेब, खून पुष्कळ झाले, आता जरा इराणमधली शाळकरी मुलं बघा’ असं ते यंत्र चुकूनही म्हणत नाही. असं म्हणणारं कोणीतरी समाजात असायला हवं आणि त्याची योग्य जागा विद्यापीठाच्या आवारात आहे, असं माझं मत आहे. विद्यापीठाने स्वतःचं सिनेमागृह चालवावं आणि त्यात मुख्यतः कोणी न मागितलेले सिनेमे लावावेत. मागितलेले सिनेमे लावायला बाकीचं जग समर्थ आहे.

हे स्वप्नरंजन नव्हे. शिकागो विद्यापीठात ‘डॉक फिल्म्स’ नावाची विद्यार्थ्यांची फिल्म सोसायटी आहे. तिची मुळं १९३२ पर्यंत जातात, १९४० मध्ये तिला रीतसर रूप आलं आणि अमेरिकेतली सर्वांत जुनी, अखंड चाललेली विद्यार्थी फिल्म सोसायटी म्हणून ती ओळखली जाते. सुरुवात माहितीपटांपासून झाली. पुढे पडद्यावर सगळं जग आलं आणि माहितीपट नावापुरता उरला. तिचे खेळ होतात ते सिनेमागृह मॅक्स पलेव्हस्की या माजी विद्यार्थ्याच्या नावाने ओळखलं जातं. हा गृहस्थ तिथे गणित आणि तत्त्वज्ञान शिकला, मग त्याने संगणकांची कंपनी काढली आणि १९६९ मध्ये ती झेरॉक्सला विकली. तत्त्वज्ञान शिकून श्रीमंत झालेल्या माणसाचं नाव विद्यापीठाने कुठेतरी कोरून ठेवणं समजण्यासारखं आहे, कारण पुरावा पुन्हा मिळेलच असं नाही. सत्र चालू असलं की खेळाच्या प्रत्येक रात्रीची मालिका वेगळी: एका रात्री एखादा दिग्दर्शक, दुसऱ्या रात्री एखादा देश, तिसऱ्या रात्री भुताखेतांचे किंवा नाचगाण्यांचे सिनेमे. हे सगळं ठरवतात, तिकिटं विकतात आणि प्रोजेक्टर चालवतात ते बिनपगारी विद्यार्थी. हे शेवटचं काम सोपं समजू नये. पस्तीस मिलिमीटरचं एक रीळ वीस मिनिटांच्या आसपास चालतं. ते संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमकतो. तो दिसला की दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करायची; सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका येतो, त्यासरशी चित्र एका यंत्रावरून दुसऱ्यावर घ्यायचं. नायिका प्राण सोडत असली तरी नजर कोपऱ्यातून हलवायची नाही. समोर प्रलय चालू असताना आपल्या नेमून दिलेल्या कोपऱ्याकडे बघत राहण्याचं हे शिक्षण पुढे कुठल्याही सरकारी नोकरीत उपयोगी पडेल.

आता पहिला आक्षेप हिशेबनीसाचा. चारशे खुर्च्यांच्या सभागृहात मंगळवारी रात्री हंगेरीचा कृष्णधवल सिनेमा लावला आणि एकवीस माणसं आली, त्यातली चार थंडीपासून आडोसा म्हणून. या तोट्याचं काय? त्याचं उत्तर अशी सिनेमागृहं शनिवारी देतात. शनिवारी ती गाजलेला, ताजा सिनेमा लावतात आणि गर्दी गोळा करतात. एसटी कशी भरलेल्या मार्गाच्या जिवावर डोंगरातल्या वस्तीपर्यंत गाडी नेते, तसं इथे शनिवारचा सिनेमा मंगळवारच्या सिनेमाचं डिझेल भरतो. शनिवारच्या प्रेक्षकाला आपण हंगेरीच्या कलेचे आश्रयदाते आहोत हे कळत नाही, आणि ते न कळण्यातच त्याचं भलं आहे. उरला प्रश्न रिकाम्या खुर्च्यांचा. विद्यापीठाने रिकाम्या खुर्चीला लाजावं हे मला पटत नाही. ग्रंथालयातली कित्येक पुस्तकं वर्षानुवर्षं कोणी हातात घेत नाही, म्हणून ती रद्दीत घालून त्या जागी गाइडं रचावीत असं कोणी सुचवत नाही. निदान उघडपणे सुचवत नाही. अर्धमागधीच्या वर्गात तीनच विद्यार्थी असले तरी प्राध्यापक येतात, फळा पुसतात आणि शिकवतात. जे ज्ञान तीन जणांनाच हवं आहे ते तिघांसाठी शिल्लक ठेवणं हे विद्यापीठाचं कामच आहे. सिनेमाला तेवढी सवलत का नसावी?

दुसरा आक्षेप तरुणांचा, आणि तो ते मान वर न करता घेतात: सगळं मोबाइलवर आहे. सगळं नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट बनले. त्यातले आज जेमतेम दोन-अडीच डझन हाती आहेत, तेही बरेचसे तुकड्यांत. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चासुद्धा काही भागच उरला आहे. तो उरला यामागे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांची चिकाटी आहे. १९६४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयासाठी नायर मिळेल ते रीळ गोळा करत गेले. आज टाकाऊ वाटणारं उद्या कोणाला मोलाचं वाटेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून चांगलं-वाईट न बघता सगळंच ठेवावं, असा त्यांचा बाणा होता. पण समजा, सगळं मोबाइलवर आलं, तरी ‘आहे’ आणि ‘पाहिलं’ यांत फार मोठं अंतर असतं. बेला टार या हंगेरियन दिग्दर्शकाचा ‘साटानटँगो’ सात तासांहून लांब आहे. मोबाइलवर तो लावणारा माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत चहा टाकतो, विसाव्या मिनिटाला विजेचं बिल भरतो आणि पंचविसाव्या मिनिटाला सिनेमा संथ असल्याचं मत जाहीर करतो. सिनेमागृहात बिल भरता येत नाही. अंधार आहे, शेजारी अनोळखी माणूस बसला आहे आणि बाहेर पडायला आठ जणांच्या गुडघ्यांवरून जावं लागतं. जागतिक चित्रपटकलेच्या आस्वादात या सोळा गुडघ्यांचा वाटा समीक्षकांनी अजून नीट मान्य केलेला नाही.

तिसरा आक्षेप गंभीर आहे: लोकांना काय बघायचं ते लोकांनी ठरवावं, विशीतल्या पोरांनी किंवा पन्नाशीतल्या प्राध्यापकांनी नव्हे. लोकशाहीवर माझाही विश्वास आहे. फक्त अभिरुची एका मतदानात ठरत नाही, तिला दर काही वर्षांनी फेरमतदान लागतं. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक दर दहा वर्षांनी समीक्षकांना सर्वोत्तम चित्रपट विचारतं. १९५२ मध्ये ‘बायसिकल थीव्ह्ज’ पहिला आला. १९६२ पासून २००२ पर्यंत पाचही वेळा ‘सिटिझन केन’ने गादी सोडली नाही, २०१२ मध्ये हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ने ती बळकावली, आणि २०२२ मध्ये पहिला क्रमांक गेला शांताल आकरमन या बेल्जियन दिग्दर्शिकेच्या १९७५ च्या ‘जान डीलमान’ला. या सिनेमात तीन तासांहून जास्त वेळ एक विधवा गृहिणी घरकाम करते: बटाटे सोलते, भांडी घासते, अंथरुणं आवरते. हे दृश्य आपल्याकडे घरोघरी रोज फुकट चालू असतं आणि ते बघायला कोणी मान वर करत नाही, हाच त्या सिनेमाचा मुद्दा असावा. पण मला इथे दुसराच हिशेब मांडायचा आहे. १९७५ ते २०२२ म्हणजे सत्तेचाळीस वर्षं. ही सगळी वर्षं हा सिनेमा कुठेतरी दाखवला जात राहिला, म्हणून पुढच्या पिढ्यांना त्याच्यावर मत देता आलं. सत्तेचाळीस वर्षं धीर धरणं कोणत्याही वितरकाला परवडत नाही. ते परवडतं फिल्म सोसायट्यांना, संग्रहालयांना आणि विद्यापीठांना, कारण पीएच.डी.चे विद्यार्थी सांभाळून तिथे या मुदतीची सवय झालेली असते.

मग येतो उच्चभ्रूपणाचा आरोप. असल्या खेळांना येणारी मंडळी आरोपाला भरपूर पुरावा पुरवतात हे कबूल. श्रेयनामावली शेवटच्या ओळीपर्यंत उभं राहून वाचणारे असतात. दिग्दर्शकाचं आडनाव त्याच्या आईलाही जमणार नाही इतक्या शुद्ध उच्चाराने घेणारे असतात. खेळानंतरच्या चर्चेत ‘माझा प्रश्न नाही, एक निरीक्षण आहे’ म्हणून उठणारे असतात. ते निरीक्षण सिनेमाच्या लांबीशी स्पर्धा करतं. पण चुकीची माणसं दिमाख मिरवतात म्हणून वस्तू चुकीची ठरत नाही. तसं असतं तर शास्त्रीय संगीत कधीच बंद करावं लागलं असतं. आणि हे सिनेमे साध्या माणसाला झेपत नाहीत, या समजुतीला कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यातल्या हेग्गोडू गावाने परस्पर उत्तर दिलं आहे. के. व्ही. सुब्बण्णांनी तिथे ‘नीनासम’ ही संस्था वाढवली आणि गावकऱ्यांसाठी चित्रपट-रसास्वादाची शिबिरं घेतली. सुपारीच्या बागांत राबणाऱ्या माणसांनी कुरोसावा, डी सिका आणि सत्यजित राय पाहिले आणि त्यांच्यावर वाद घातले. त्यांना हे सिनेमे कळणार नाहीत असं त्यांना कोणी वेळेवर सांगितलं नव्हतं. सुब्बण्णांना १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

खुद्द आपल्या फिल्म सोसायट्यांचा इतिहासही माझ्याच बाजूने साक्ष देतो, थोडा लाजत का होईना. राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी १९४७ मध्ये कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. दुर्मीळ सिनेमे मिळवून बघायचे आणि तावातावाने बोलायचं, हा तिचा उद्योग. आठ वर्षांनी रायांचा ‘पथेर पांचाली’ आला. १९५९ मध्ये देशभरच्या सोसायट्यांचा महासंघ झाला आणि राय त्याचे अध्यक्ष. पुढे असं लक्षात आलं की सोसायट्यांना सेन्सॉरची कात्री न लागलेले परदेशी सिनेमे दाखवता येतात. त्यासरशी कलेबद्दलची आस्था अनेक शहरांत एकाएकी उफाळून आली आणि सभासदत्वासाठी रांगा लागल्या. काही मंडळी स्वीडनच्या नावावर फार मोठी आशा ठेवून गेली आणि दोन तास देवाच्या मौनावर विचार करत बसली. या अपेक्षाभंगाला मी सांस्कृतिक यश म्हणतो. माणूस आत कशासाठी शिरला याची चौकशी कोणी करू नये. आत गेल्यावर त्याच्यासमोर काय आलं याची करावी. स्वतःच्या आवडीवर विसंबून त्यातला एकही जण स्वीडनच्या बर्गमनपर्यंत पोचला नसता.

आपल्या विद्यापीठांकडे यासाठी लागणारं सगळं आहे. सभागृहं आहेत, खुर्च्या आहेत, चौकोनी पडदाही असतो. फक्त तो बहुधा सत्कारमूर्तींच्या नावाच्या फलकाने झाकलेला असतो. अंधार तेवढा करावा लागेल, आणि दीपप्रज्वलनाची सवय लागलेल्या वास्तूला तो सुरुवातीला जड जाईल. काही पथ्यं मात्र पाळायला हवीत. खेळाआधी प्रमुख पाहुणे नकोत. चित्रपटाचं सामाजिक महत्त्व कोणी आधी समजावू नये. महत्त्व कळलेला सिनेमा बघायला कोणाचे पाय वळत नाहीत. हजेरी घेऊ नये, गुण देऊ नयेत. गुण मिळू लागले की झांबियाच्या सिनेमावरचीही गाइडं बाजारात येतील. शनिवारी खुशाल गल्लाभरू सिनेमा लावावा. आणि न आवडलेल्या सिनेमातून अर्ध्यात उठून जाण्याचा हक्क प्रत्येकाला निर्विवाद असावा. निवडीचं स्वातंत्र्य मलाही प्रिय आहे. ते कार्यक्रमपत्रिकेत न वापरता बाहेर जायच्या दाराशी वापरावं, एवढीच माझी विनंती. तिथे पोचेपर्यंत निदान अर्धा सिनेमा पाहून झालेला असतो, आणि मग ‘आपल्याला बुवा असले सिनेमे आवडत नाहीत’ हे वाक्य माणूस पहिल्यांदाच पुराव्यानिशी बोलू शकतो.