दाजींसाठी पनीर : नियम व अटी

१ मे १९८१ रोजी जालना औरंगाबादपासून सुटून स्वतंत्र जिल्हा झाला. पनीर मात्र अजून स्वतंत्र झालेलं नाही. चांगलं पनीर साठेक किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरातूनच यायला हवं, अशी पाहुण्यांची ठाम समजूत आहे. ती खोडून काढण्यासाठी पुढील नियम आठही तालुक्यांत तात्काळ लागू करावेत.

नियम १ : दूध. म्हशीचं, एक लिटर. त्यातून साधारण दोनशे ग्रॅम पनीर पडतं. दाजी एकटे आले तर पुरतं. मित्रांसह आले तर दोन लिटर घ्यावं. चहापुरतं दूध आधीच बाजूला झाकून ठेवावं. नाहीतर "ते राहू द्या, कपभर चहा टाका" या एका वाक्यापुढे अख्खं घर निरुत्तर होतं.

नियम २ : फाडणे. दूध उकळलं की गॅस बंद करावा. दोन मिनिटांनी लिंबाच्या रसात थोडं पाणी घालून तो चमच्याचमच्याने सोडावा. गठ्ठे वेगळे होऊन पाणी हिरवट, निवळ दिसलं की हात आखडता घ्यावा. रस जास्त झाला तर पनीर आंबट, आच जास्त झाली तर चिवट. जिल्ह्याच्या अभिमानापोटी मोसंबीचा रस वापरू नये. भौगोलिक मानांकन मिळालेली आमची मोसंबी स्वभावानेच गोड; तिच्याने दूध धड फाटत नाही, नुसतं संकोचतं.

नियम ३ : पाणी. गठ्ठा मलमलच्या फडक्यात गाळून एकदा गार पाण्याने धुवावा. भांड्यात उतरलेलं पाणी मोरीत ओतणाऱ्याला २०१२-१३चा दुष्काळ आठवतो का, एवढंच शांतपणे विचारावं. त्या पाण्यात कणीक मळावी, पोळ्या मऊ होतात.

नियम ४ : वजन. गाव रोलिंग मिलचं आहे म्हणून कोणी सळयांची मोळी आणू नये. फडक्याची पुरचुंडी पाटावर ठेवून वर पाण्याने भरलेलं पातेलं अर्धा तास पुरे.

नियम ५ : मांडणी. चौकोनी तुकड्यांपैकी निम्मे चमचाभर तेलात तव्यावर परतावेत. येसर मसाला शेवटी भुरभुरावा, आधी घातला तर करपतो. उरलेल्या तुकड्यांना टूथपिक टोचून प्रत्येकासोबत मोसंबीची सोललेली फोड लावावी, वर काळं मीठ. नियम २मध्ये अपमान झालेल्या मोसंबीचं असं पुनर्वसन करणं बंधनकारक आहे.

नियम ६ : आग्रह. दाजी म्हणतील, "आत्ताच जेवून निघालो." हे वाक्य खरं मानणाऱ्या घराचं नाव पुढच्या लग्नसराईपर्यंत निघतं. "घ्या की दाजी, तिखट नाही," असं तीनदा म्हणावं. पहिल्यांदा मान हलते, दुसऱ्यांदा नजर ताटलीकडे जाते, तिसऱ्यांदा दोन टूथपिक एकदम उचलल्या जातात.

नियम ७ : चौकशी. "कुठून मागवलं?" हा प्रश्न येणारच. "घरीच केलं," म्हटलं की सोबत आलेल्या आत्या हळहळतात, "दूध नासलं होतं का गं? उन्हाळाच तसला!" इथे वाद घालू नये, लिंबाच्या साली दाखवू नयेत. "आवडलं नसेल तर राहू द्या," म्हणून ताटली उचलावी आणि आत निघावं. दाजी ताटली धरून ठेवतील. एवढी पावती जिल्ह्याला पुष्कळ झाली.