बिग गेम : नवख्या पालकांसाठी मार्गदर्शिका

लेकराला बर्कलीत किंवा स्टॅनफर्डला प्रवेश मिळाला, की नोव्हेंबरात कधीतरी आईबाबांना ‘बिग गेम’साठी, म्हणजे या दोन विद्यापीठांमधल्या वार्षिक अमेरिकन फुटबॉल सामन्यासाठी, मैदानावर नेलं जातं. तिथे हसं होऊ नये म्हणून या सूचना.

१. बाजू घ्या. बर्कलीचं सरकारी विद्यापीठ म्हणजे ‘कॅल’. त्यांचा रंग निळा-सोनेरी. स्टॅनफर्ड खासगी, त्यांचा लाल. मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर. फी जिकडे, निष्ठा तिकडे. एकेक अपत्य दोन्हीकडे असेल, तर घरीच थांबा.

२. हा कसला फुटबॉल, असं विचारू नका. चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. 1906 ते 1914 या काळात तर दोघांनी फुटबॉल धोकादायक म्हणून सोडला आणि रग्बी धरलं. खेळ बदलला, वैर तसंच राहिलं.

३. सुरुवात पाठ करा. 19 मार्च 1892, सॅन फ्रान्सिस्को. स्टॅनफर्ड उघडून सहा महिनेही झाले नव्हते, तरी 14–10 ने जिंकलं. म्हणतात की ऐनवेळी चेंडूच कुणी आणला नव्हता. व्यवस्थेत स्टॅनफर्डचा एक विद्यार्थी होता, हर्बर्ट हूवर. पुढे तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

४. कुऱ्हाडीला हात जोडा. 1899 मध्ये बेसबॉलच्या सामन्यात स्टॅनफर्डची पोरं ती नाचवत होती. कॅलवाल्यांनी ती पळवली, दांडा कापला, पातं कोटात दडवलं आणि पोलिसांच्या हातावर तुरी देऊन बोटीने बर्कली गाठली. मग 31 वर्षं ती बँकेच्या तिजोरीत. 1930 मध्ये स्टॅनफर्डच्या एकवीस जणांनी फोटोग्राफरचं सोंग घेऊन, धूर करून ती परत लांबवली. अखेर 1933 मध्ये तह झाला : बिग गेम जिंकेल त्याची कुऱ्हाड. चोरीचा माल अशा रीतीने ट्रॉफी झाला.

५. 20 नोव्हेंबर 1982 हा विषय जपून काढा. चार सेकंद उरलेले, स्टॅनफर्ड 20–19 ने पुढे. त्यांनी चेंडू लाथाडला. कॅलचे खेळाडू तो एकमेकांकडे मागे फेकत पळत सुटले, एकदा नव्हे, पाचदा. स्टॅनफर्डच्या बँडला वाटलं, संपला सामना. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. वाद्यांसह सगळे मैदानात! कॅलचा केव्हिन मोएन त्या गर्दीतून धावत गेला आणि टचडाउन करून थेट ट्रॉम्बोनवाल्यावर आदळला. कॅल 25, स्टॅनफर्ड 20.

स्टॅनफर्डवाले म्हणतात, मधल्या एका खेळाडूचा गुडघा आधीच टेकला होता. त्यांच्यापुढे मान डोलवा. कॅलवाल्यांपुढेही डोलवा, मात्र उलट्या दिशेने.

६. भूगोल उकरू नका. पॅसिफिकच्या काठावरची ही दोन्ही विद्यापीठं 2024 पासून ‘अटलांटिक कोस्ट’ नावाच्या गटात खेळतात. भांडायला शेजारी सोबत असला म्हणजे पुरे.

७. निकाल विचारण्याची रीत. कुऱ्हाडीखालच्या फळीवर सगळ्या सामन्यांचे गुण कोरलेले असतात. कुऱ्हाड स्टॅनफर्डकडे गेली की 1982 चा आकडा 20–19 होतो. कॅलकडे परतली की पुन्हा 25–20. तेव्हा त्या सामन्यात कोण जिंकलं असं कुणी विचारलं, तर आधी विचारा : सध्या कुऱ्हाड कुणाकडे आहे?