पाच सेकंदांनी लंडन मागे

टॉमटॉम नावाची एक डच कंपनी दरवर्षी जगभरातल्या शहरांचा वाहतूक निर्देशांक काढते. 2024 सालच्या यादीत पुणे जगात चौथं आलं. शहरात 10 किलोमीटर जायला सरासरी 33 मिनिटं 22 सेकंद. पहिलं कोलंबियातलं बारांकिया, मग कोलकाता, मग बंगळुरू. आदल्या वर्षीच्या सातव्या क्रमांकावरून ही झेप, तरी बातमी आली त्या दिवशी पुण्यात हळहळच जास्त झाली. आणि ती रस्त्यांबद्दल नव्हती. चौथा क्रमांक म्हणजे उत्तेजनार्थ, हे मेरिट लिस्टवर वाढलेल्या गावाला कोणी समजावून सांगायला लागत नाही. बंगळुरूचं एक वेळ समजू शकतं, पण कोलकाता? कट्ट्याकट्ट्यावर पेपर तपासणीबद्दल शंका निघाल्या. यांनी मोजलं कधी? शनिवारी संध्याकाळी, पाऊस पडत असताना, सिंहगड रस्त्यावर मोजलं होतं का? नसेल, तर फेरतपासणीचा अर्ज करायला हवा.

समाधान एकच होतं. लंडन पाचवं आलं, 33 मिनिटं 17 सेकंद. 1817 साली शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढवणाऱ्यांना पुण्याने पाच सेकंदांनी मागे टाकलं. रोजचा सराव असा कामी येतो.

अंतर किलोमीटरमध्ये सांगायची पद्धत पुण्यातून कधीच गेली. कोथरूडहून खराडी किती लांब, असं विचारलं तर उत्तराऐवजी प्रश्न येतो, "किती वाजता निघताय?" सकाळी सातच्या आत निघालात तर शेजार, नऊनंतर निघालात तर परगाव. त्यामुळे नात्यांचीही नव्याने मांडणी झाली आहे. सख्खी मावशी वाघोलीला राहायला गेली की ती लांबची मावशी होते, आणि त्याच गल्लीतले कोणी नात्यात नसलेले कुलकर्णी दिवाळीच्या फराळाला पहिले येतात. लग्नं जुळवतानाही हेच. पत्रिका जुळते, पगार जुळतो, उंची जुळते. मग मुलीची आई नकाशा उघडून बसते आणि हळूच म्हणते, "स्थळ चांगलं आहे हो, पण माहेरी यायचं तर तिला रजा टाकावी लागेल." ज्यांची अशी लग्नं तरीही होतात, त्यांच्या स्वागत समारंभाला शहराच्या दुसऱ्या टोकाचे पाहुणे पोचतात तेव्हा नवरानवरी जेवायला बसलेले असतात आणि आइस्क्रीमचं काउंटर आवरलेलं असतं.

हे सगळं घडतं कसं, ते बघायचं तर संध्याकाळी साडेसहाला नळ स्टॉपच्या चौकात कडेला उभं राहावं. लाल दिव्याचा आकडा ऐंशीच्या घरातून खाली येत असतो. पहिल्या रांगेतल्या दुचाकी झेब्रा पट्ट्यांवर उभ्या असतात, दुसऱ्या रांगेतल्या वळसा घालून त्यांच्याही पुढे, आणि तिसऱ्या रांगेतून आलेला एक जण आडव्या रस्त्यावरच्या गाड्यांना अंगावर घेत चौकाच्या जवळजवळ मधोमध. मोबाइल हेल्मेट आणि गालाच्या फटीत खोचलेला आहे, बोलणं चालू आहे: "हो, पोचलोच, कोपऱ्यावरच आहे." तो कोपरा अजून तीन चौक पुढे आहे. डावीकडे एक मोटार उभी, तिच्यामागचा रिक्षावाला ओरडतोय, "ओ काका, लेफ्ट फ्री आहे ना!" काका काच खाली करून लेफ्ट फ्री कुठे लिहिलंय ते विचारतात. हा संवाद पुढचे वीस सेकंद चालतो. कडेच्या भाजीच्या हातगाडीपाशी एका बाईंनी स्कूटर तिरकी लावून ठेवली आहे, इंजिन चालू, मुलगी मागे बसलेली, "फक्त कोथिंबीर घेते, दोन मिनिटं." त्या स्कूटरमुळे पीएमपीची बस थांब्याला लागू शकत नाही म्हणून ती मधल्या लेनमध्ये थांबते, तिच्यामागचं सगळं थांबतं, आणि तो तसाच डेक्कनच्या बाजूला सरकत गेलेला ब्लॉक खंडूजीबाबा चौकात कोणाच्या तरी अंगावर येतो. त्याला कोथिंबिरीचा पत्ताच नसतो.

आकडा चारवर आला की हॉर्न सुरू होतात. पुढचा माणूस जाऊ शकत नाही हे वाजवणाऱ्याला दिसत असतं. हॉर्न सिग्नलसाठी असतो.

एवढ्यात ट्रॅफिकचे मामा छत्रीखालून बाहेर येतात आणि खिशातून मोबाइल काढतात. पूर्वी शिट्टी वाजायची, आता फोटो निघतो. फोटो म्हटल्यावर सगळा चौक एकदम सुसंस्कृत होतो, पुढचं चाक पट्ट्यांच्या मागे जातं, आणि कोपरात अडकवलेलं हेल्मेट डोक्यावर चढतं.

हेल्मेटचा विषय निघालाच आहे. 2019 च्या 1 जानेवारीपासून पुण्यात हेल्मेटसक्ती कडक झाली आणि दोनच दिवसांत शहर रस्त्यावर उतरलं. डोक्यावर पगड्या घालून मोर्चा निघाला, हेल्मेटची प्रतीकात्मक अंत्ययात्राही निघाली. स्वतःचं डोकं फुटू नये म्हणून केलेल्या नियमाविरुद्ध इतक्या शिस्तीत आंदोलन करणारं शहर भारतात दुसरं नसावं. 

त्याच्या आदल्या वर्षी, 2018 मध्ये, आरटीओच्या नोंदीत शहरातली वाहनं 36 लाखांच्या वर गेली. लोकसंख्या धरली जात होती 35 लाख. म्हणजे तान्ह्या बाळापासून अंथरुणाला खिळलेल्या आजोबांपर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला एक गाडी येऊन वर लाखभर शिल्लक. ती कोणाची, हे पेठांतल्या वाड्यांच्या दारांसमोर बघितलं की कळतं. धुळीने माखलेली, चाकातली हवा गेलेली, सम तारखेलाही तिथेच आणि विषम तारखेलाही तिथेच.

यावर उपाय म्हणून पूल बांधतात. पुण्याचं पुलांशी असलेलं नातं समजून घ्यायला विद्यापीठ चौकात जावं. इथले उड्डाणपूल वयात येण्याआधीच, 2020 च्या जुलैत पाडायला घेतले, कारण त्याच जागी हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोसाठी दुमजली पूल करायचा होता. टाळेबंदीत रस्ते रिकामे होते, तेव्हा पाडायला हीच वेळ योग्य ठरली. नव्या पुलाची पहिली बाजू खुली व्हायला 2025 चा ऑगस्ट उजाडला. मधली पाच वर्षं त्या चौकात ज्यांनी काढली, त्यातल्या कित्येकांची बाळं तेवढ्या काळात बोलायला आणि हॉर्न वाजवायला शिकली.

चांदणी चौकाची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. तिथली कोंडी वर्षानुवर्षांची. मुंबई-बंगळुरू महामार्गावर रोज हजारो लोक अडकत, लिहीत, निवेदनं देत. 2022 च्या ऑगस्टअखेरीस साताऱ्याकडे निघालेले तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे स्वतः तिथे अडकले, गाडीतून उतरले, लोकांनी त्यांना गाऱ्हाणी सांगितली. आणि सरकारी यंत्रणेला तिथला जुना पूल अचानक दिसला. पुढच्या पाच-सहा आठवड्यांत, 2 ऑक्टोबरच्या मध्यरात्री एकच्या सुमारास, तो स्फोटकांनी उडवायचं ठरलं. अहिंसेच्या पुजाऱ्याच्या जयंतीला 600 किलो स्फोटकं लावली गेली. काम त्याच कंपनीकडे होतं, जिने महिनाभरापूर्वी नोएडाचे जुळे मनोरे नऊ सेकंदांत जमीनदोस्त केले होते. सगळ्या वाहिन्यांचे कॅमेरे लागले, आसपासच्या गच्च्या भरल्या, उलटी गिनती झाली, धुळीचा लोट उठला. धूळ खाली बसली आणि पूल उभाच होता. काँक्रीट गेलं होतं, पण सळ्यांचा सांगाडा जागचा हलला नव्हता. मग पोकलेननी उरलेलं काम केलं.

स्पष्टीकरण असं आलं की पुलात लोखंड अपेक्षेपेक्षा जास्त निघालं. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकामाच्या इतिहासात ठेकेदाराने सामान जास्त वापरल्याची तक्रार बहुधा पहिल्यांदाच झाली असेल. त्या अज्ञात माणसाचा खरं तर सत्कार व्हायला हवा होता.

12 ऑगस्ट 2023 रोजी नितीन गडकरींच्या हस्ते नव्या चौकाचं उद्घाटन झालं. उतार, चढ, वळणं, भुयारी वाटा अशी ती भव्य रचना. पहिले काही दिवस मुळशीला निघालेली माणसं साताऱ्याच्या दिशेला लागत आणि फलकांना दोष देत. एक गोष्ट मात्र त्या सगळ्या नकाशात राहून गेली होती. चालत रस्ता ओलांडायचा कुठून? महामार्गाच्या एका बाजूला बस पकडायची आणि दुसऱ्या बाजूला घर, अशी माणसं भरधाव गाड्यांमधून जीव मुठीत धरून धावू लागली. मग पादचारी पुलाची मागणी झाली. पुणेकराला दोन पाय असतात ही बाब आराखड्यात नेहमी पुरवणी मागणी म्हणूनच येते.

बसचंही तसंच. देशातली पहिली बीआरटी पुण्याने 2006 च्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर सुरू केली. बससाठी वेगळी लेन ही कल्पना लोकांना इतकी आवडली की सगळेच त्या लेनमधून जाऊ लागले. नगर रस्त्यावरची बीआरटी तर पुढे उखडूनच टाकली, वाहतुकीला अडथळा होतो म्हणून. वाहतूक म्हणजे मोटारी हे त्यात गृहीत होतं. बसमधली साठ माणसं कशात मोडतात ते कोणी विचारलं नाही. आणि उच्च क्षमता द्रुतगती वर्तुळाकार मार्ग? तो 1987 च्या विकास आराखड्यात आहे, 36 किलोमीटरचा. आजही आराखड्यातच आहे. पुण्यातला हा एकमेव रस्ता, ज्यावर आजतागायत खड्डा पडलेला नाही.

हिंजवडीला जाणाऱ्यांचं जग वेगळं. तिथे नोकरी आठ तासांची आणि हजेरी अकरा तासांची असते. भूमकर चौकात कॅबमध्ये बसल्या बसल्या लोक मीटिंगा उरकतात, कॅमेरा बंद ठेवून, "नेटवर्कचा जरा इश्यू आहे" असं सांगत. परदेशातल्या ग्राहकाला वाटतं, भारतात इंटरनेट वाईट आहे. 2025 च्या जुलैत तेव्हाचे पालकमंत्री अजित पवार पाहणीसाठी हिंजवडीत आले, पहाटे सहाच्या सुमारास. पहाटे कामाला लागायची त्यांची ख्याती होती आणि अधिकाऱ्यांची झोप मोडली हेही खरं. पण सहा वाजता हिंजवडीचे रस्ते न्यूझीलंडसारखे दिसतात. त्यांनी आयटी पार्क बंगळुरू-हैदराबादला चालल्याबद्दल भर रस्त्यात जो संताप व्यक्त केला, तो कॅमेऱ्यांनी टिपला. साडेनऊला आले असते तर संताप व्यक्त करायला गाडीतून उतरताच आलं नसतं.

कोंडी फुटपाथवर चढते तेव्हा काय होतं, हे 2020 च्या फेब्रुवारीत एका चित्रफितीने देशाला दाखवलं. पदपथावरून बिनदिक्कत येणाऱ्या दुचाक्यांसमोर एक वयस्कर बाई उभ्या ठाकल्या होत्या. आधी माझ्या अंगावरून गाडी घाला, असा त्यांचा पवित्रा. गाडीवाले चरफडत मागे फिरत होते. देशभर कौतुक झालं, महापालिकेनेही दखल घेतली. एका आजींनी जे केलं, ते करायला पालिकेने पुढे जागोजागी लोखंडी खांब रोवले. त्यांच्यातून दुचाकी आरामात जाते, बाळाची ढकलगाडी मात्र अडकते.

पालिकेला चालणाऱ्यांची काळजी नाही असं म्हणता येणार नाही. 2021 पासून दरवर्षी 11 डिसेंबरला पुण्यात पादचारी दिन साजरा होतो. देशात पहिलाच. लक्ष्मी रस्त्यावर नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक एवढा भाग त्या दिवशी वाहनांना बंद. रस्त्यावर रांगोळ्या, बसायला बाकं, मुलांना खेळ, साहेबांची भाषणं. साडीच्या दुकानांतून बाहेर पडलेल्या बायका रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून पिशव्या उघडून एकमेकींना खरेदी दाखवतात, आणि मागून कोणी "ओ ताई!" करत नाही. सोहळा बघण्यासारखा असतो, म्हणून शहरभरातून लोक येतात. अर्थात गाडीवरून. केळकर रस्ता भरतो, कुमठेकर रस्ता भरतो, नारायण पेठेतल्या बोळांतून जागा शोधत मोटारी तीन-तीन फेऱ्या घालतात, आणि मांडवाशी उभ्या असलेल्या पालिकेच्या कर्मचाऱ्याला दर पाच मिनिटांनी कोणीतरी येऊन वैतागून विचारतं, "अहो, पादचारी दिनाचं पार्किंग कुठे ठेवलंय?"