हरिहरेश्वरच्या कातळकड्यास एका जागरूक नाशिककराचे अनावृत पत्र

प्रति,
मा. कातळकडा महोदय,
हरिहरेश्वर भूशिर, सावित्री नदीच्या मुखाशी,
ता. श्रीवर्धन, जि. रायगड.

विषय : आपल्या कामाच्या वेळा, बांधकामाचा दर्जा आणि पर्यटकांशी वागणूक यांबाबत तक्रार.

महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या शनिवारी भर दुपारी बारा वाजता आम्ही सहकुटुंब आपल्या दारात उभे होतो आणि आपण बंद होतात. पौर्णिमा होती, सुटी होती, खोलीचे पैसे आगाऊ भरलेले होते. प्रदक्षिणेला याहून शुभ योग कोणता? काळभैरवाच्या देवळामागून चढलो, दोन कड्यांच्या फटीतल्या पायऱ्यांनी खाली उतरलो, तर वाटेच्या जागी अरबी समुद्र! तोही गप्प बसलेला नाही. पायथ्यावर आपटत होता, अंगावर उडत होता आणि आमच्या मेहुण्यांचा गॉगल घेऊन आत निघून गेला.

तक्रारीआधी ओळख सांगतो, कारण ओळखीशिवाय काम होत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. आपला हरिहरेश्वर पेशव्यांचे कुलदैवत. बाळाजी विश्वनाथ भट आपल्या शेजारच्या श्रीवर्धनचे. त्यांचे नातू राघोबादादा आमच्या गावाबाहेर गोदेकाठी आनंदवल्लीला वाडा बांधून राहिले. म्हणजे आपल्या देवाचे भक्त ते आमचे शेजारी. एवढा वशिला असताना आम्हाला पायरीवरून परत पाठवणे शोभले का? आता मुद्द्यांवर येतो.

१. वेळ. चौकशीची खिडकी नसल्यामुळे पायऱ्यांपाशी कोकम सरबत विकणाऱ्या मावशींकडे विचारणा केली. त्यांचे उत्तर जसेच्या तसे देतो : “दादा, आज पुनव. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यात पुनवेचं उधाण. भरतीच्या सहा तास अलीकडं नि सहा तास पलीकडं सुकती. म्हणून पहाटे यायचं, नाहीतर सांजेपर्यंत थांबायचं.”

नाशिककराला तिथी शिकवायची! आमचे गाव तिथीवरच जेवते. रामकुंडावरचे श्राद्ध, त्र्यंबकचा नारायण नागबळी, सारे मुहूर्त पाहून. गुरू सिंह राशीत कधी जाणार यावर आमच्याकडे रस्ते डांबरी होतात. २०१५ चा सिंहस्थ आटोपला तेव्हाच २०२७ चा ठरलेला होता. पण तिथी पूजेसाठी बघायची असते. पाण्यात पाय घालायला तिथी कशाला? आणि पाऊणकी तर आमच्या आजोबांबरोबरच शाळेतून गेली.

तरीही निःपक्षपातीपणे शहानिशा केली. चिरंजीवांनी मोबाईलवर पाहिले, तर चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येतो आणि त्याच्यामागोमाग भरतीही तेवढीच सरकते. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, म्हणून उधाण. अष्टमीच्या सुमारास ती काटकोनात येते, म्हणून भांग, पाणी बेताचे. आता पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. म्हणजे मावशींच्या हिशेबात पाच मिनिटांची तफावत आहे. एवढ्या ढिलाईवर आम्ही आमचा शनिवार सोपवायचा? ज्या मुंबई-गोवा महामार्गाने आम्ही आलो, त्याचे रुंदीकरण २०११ पासून चालू आहे; त्याला आम्ही चकार शब्दाने बोललो नाही. आपला समुद्र मात्र वेळेवर येतो आणि वेळेवर जातो. हा हट्टीपणा कोणाच्या जोरावर?

२. कामाचा दर्जा. आपल्या अंगावर जागोजागी मधमाशांच्या पोळ्यासारखी भोके पडली आहेत. ठेकेदार कोण, असे विचारता कळले की आपण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या कामातले, म्हणजे आमचा ब्रह्मगिरी ज्या ठेक्यातला त्याच ठेक्यातले. ब्रह्मगिरी आजही समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरच्या आसपास ताठ उभा आहे. आपण मात्र मिठाकडे बोट दाखवता. म्हणे लाटांचे तुषार दगडाच्या रंध्रांत शिरतात, उन्हात पाणी उडून जाते, मागे राहिलेल्या मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा कण अन् कण उकलतात. खाली लाटा पायथा कोरतात, वरचा भाग निराधार होऊन ढासळतो, कडा मागे सरकतो आणि पुढे सपाट कातळाचा ओटा उरतो.

याच ओट्याला आम्ही प्रदक्षिणामार्ग म्हणतो, हे ऐकून आम्ही अवाक झालो. म्हणजे मार्ग कोरला समुद्राने, मालकी समुद्राची, ताबाही दिवसातून दोनदा त्याचाच. भाविकाला मधल्या वेळेत जाऊ देतात, इतकेच. असला पोटभाडेकरूचा व्यवहार खोली आरक्षित करतानाच कळवायला हवा होता. शिवाय ओट्यावर शेवाळ आहे आणि कालवांच्या कडा अनवाणी पायाला लागतात. पेव्हर ब्लॉकचा विचार आपण आजवर का केला नाही, याचा लेखी खुलासा व्हावा.

३. पूर्वसूचना. आमच्याकडे पाणी रीतसर येते. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले ते आधी जाहीर होते. मग गाव गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीकडे बघते : गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले. ऑगस्ट २०१९ मध्ये मारुतीराय पुरते बुडाले, पण तोवर घरोघर निरोप पोचलेला होता. त्याच्याही पलीकडे नारोशंकराच्या देवळाची घंटा आहे. पाणी तिला टेकले की महापूर. ही घंटा पोर्तुगिजांची. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली, त्या विजयाची खूण म्हणून आमच्या देवळावर चढली. म्हणजे समुद्रकाठची घंटा आम्ही नदीचे पाणी मोजायला लावली, आणि खुद्द समुद्राकाठी आपल्याकडे पाणी मोजायला एखादा मारुतीसुद्धा नाही? (घंटा परत मागू नये.)

आपले म्हणणे असेल की समुद्राची पूर्वसूचना साऱ्या जगाआधी छापून येते, वर्षभराच्या भरती-ओहोटीचे कोष्टक आगाऊ मिळते, आणि ज्या कॅलेंडरवर आम्ही दूधवाल्याचे खाडे मांडतो त्याच्यावरही तिथी असतेच. पण कॅलेंडर घरी भिंतीवर होते. आम्ही मोटारीत होतो.

४. फलक. खडकांवर जाऊ नका, धोका आहे, असा फलक आपल्याकडे आहे, हे मान्य. परंतु तो अशा ठिकाणी लावला आहे की कुटुंबाचा एकही फोटो त्याच्याशिवाय येत नाही. सर्व नातेवाइकांना पाठवलेल्या छायाचित्रात आमच्या डोक्यावर ‘धोका’ लिहिलेले दिसते आणि सासरची मंडळी त्यावर अजून बोलत आहेत. खडकावरून माणसे वाहून गेल्याच्या बातम्या नाशिकच्या वर्तमानपत्रांतही छापून येतात. आम्ही त्या चहाबरोबर पूर्ण वाचतो, ‘लोकांना कळतच नाही’ असे म्हणतो आणि पुढच्या शनिवारची खोली बघायला घेतो. तेव्हा आमच्याकडे जागृती नाही, असा आरोप कृपया करू नये. जागृती भरपूर आहे. ती सोफ्यावर असते.

वरील बाबी पाहता आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

अ) भरती सोमवार ते शुक्रवार ठेवावी. शनिवार-रविवार व सार्वजनिक सुट्यांना सकाळी अकरा ते दुपारी एक सक्तीची ओहोटी असावी. त्याआधी आमची मिसळ व्हायची असते.
आ) उधाण पौर्णिमा-अमावास्येवरून हलवून एखाद्या गैरसोय न होणाऱ्या तिथीला न्यावे. चंद्राशी पत्रव्यवहार आपण करावा. आमची तिकडे ओळख नाही.
इ) आगामी लाटेची उंची क्युसेकमध्ये कळवावी.
ई) गॉगल परत मिळावा.

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि कोकणात उतरून थेट आपल्याकडे येते. आमच्या गोदावरीचा उगम तर त्र्यंबकला, आपल्याच समुद्रापासून सरळ रेषेत ऐंशीएक किलोमीटरवर. तरी ती पाठ फिरवून निघते आणि सुमारे १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. सह्याद्रीचा उतारच तिकडचा आहे, असे भूगोलाचे मास्तर सांगत. तिच्या कानावर आपली वागणूक आधीच गेली असावी, असा आमचा आता संशय आहे.

या पत्राची दखल न घेतल्यास आम्ही आणखी एक पत्र लिहू, याची नोंद घ्यावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जागरूक नाशिककर

प्रत माहितीसाठी : १) अरबी समुद्र २) चंद्र

ता. क. : स्थळपाहणीसाठी आम्ही येत्या तृतीयेला सकाळी आठ वाजता हजर राहत आहोत. ही तिथी आणि ही वेळ सर्वस्वी आमच्या सोयीने ठरवली असून सरबतवाल्या मावशींच्या गणिताशी तिचा काहीही संबंध नाही. त्या वेळी समुद्र मागे हटलेला आणि वाट कोरडी आढळल्यास तो या पत्राचा परिणाम समजण्यात येईल.