भाड्याची खोली : लक्षणे व उपाय

वाळूज एमआयडीसीलगत बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी भागात मिळणाऱ्या पडीक भाड्याच्या खोलीची लक्षणे ठरलेली असतात. भिंतीला पोपडे, मोरीच्या नळाला गळती, प्यायच्या नळाला कोरड. कडी आतून लागत नाही, बाहेरून उघडत नाही. मालकाच्या लेखी हे ‘किरकोळ काम’. डिपॉझिट मात्र ठोक. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, करारात वेगळे ठरले नसल्यास, दुरुस्ती मालकाकडेच असते. त्याने टाळल्यास किमान १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने ती करून घ्यावी व खर्च भाड्यातून वळता करावा. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. नोटीस मिळताच मालकाचा पुतण्या त्याच खोलीत राहायला निघतो. म्हणून किल्ली घेण्याआधी फोटो काढावेत आणि करार नोंदणीकृतच करावा.