आधी दर्शन, मग दंड

डोंगरातल्या देवाचा आणि भक्ताचा एक जुना करार असतो. देव वर, भक्त खाली. जेजुरी घ्या, सप्तशृंगी घ्या, अगदी आपली पुण्यातली पर्वती घ्या. भक्ताने धापा टाकत वर जायचं, पाप घामावाटे निघून गेलं असं समजायचं, दर्शन घ्यायचं आणि प्रसादाचा नारळ पिशवीत टाकून रमतगमत खाली यायचं. कष्ट आधी, फळ नंतर. शाळेपासून आपल्याला हाच हिशेब शिकवलेला आहे आणि त्याबद्दल माझी आजवर कसलीही हरकत नव्हती.

भीमाशंकरला हा करार एकतर्फी मोडण्यात आलेला आहे.

तिथे एसटी स्टँड वर आणि देव खाली. दोनशेच्या वर पायऱ्या उतरून जायचं, दर्शन घ्यायचं, आणि पुण्य पदरात पडल्यावर त्याच पायऱ्या चढून परत यायचं. म्हणजे फळ आधी हातात देऊन कष्ट नंतर वसूल करायचे. याला व्यवहारात काय म्हणतात ते कर्ज काढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

तुम्ही म्हणाल, पायऱ्या त्याच, चढल्या काय नि उतरल्या काय, बेरीज सारखीच. मलाही हे सांगणारे पुष्कळ भेटले. सगळे उतरताना भेटले. चढताना हे वाक्य उच्चारलेला एकही माणूस माझ्या पाहण्यात नाही.

तिथवर पोचणं ही स्वतंत्र तक्रार आहे, ती मी सध्या दाखल करत नाही. चाकणच्या वाहतुकीबद्दल लिहायचं तर वेगळी फाईल उघडावी लागेल. मंचरला डावीकडे वळलं, घोडेगाव मागे पडलं आणि डिंभे धरणाचं पाणी दिसायला लागलं की माणूस जरा सैलावतो, एवढं मान्य करतो. मग घाट, मग धुकं, मग गर्दीच्या दिवसांत खाजगी गाड्यांना अलीकडेच थांबवून पुढे एसटीत बसवणं. त्या एसटीत उभं राहून प्रवास करताना आपण अभयारण्यात आहोत हे कळायला दुसऱ्याच्या बगलेखालून खिडकीकडे बघावं लागतं.

पायऱ्यांच्या तोंडाशीच एक मावशी बसलेल्या होत्या. ‘‘चपला हितंच काढा काका, फुडं जागा न्हाई. बेल-फूल घ्या, चपलांचं काय पैसं न्हाईत.’’ काढल्या. पुढच्या प्रत्येक दुकानापुढे चपला ठेवायला ऐसपैस जागा होती आणि प्रत्येक दुकानातून एक मावशी माझ्या अनवाणी पायांकडे, गिऱ्हाईक हातचं गेलं, अशा नजरेने बघत होती. पावसाळ्यात त्या पायऱ्यांवर चिखल, चुरगळलेला बेल, नारळाची शेंडी आणि कुणाचं तरी सांडलेलं ताक यांचा एक पातळ थर असतो. तळव्याला तो थंड लागतो. बायकोच्या चपला मात्र तिच्या पायात होत्या. मावशींनी तिला ‘‘तुम्ही फुडं काढा ताई’’ असं सांगितल्याचं मला नंतर कळलं. हा भेदभाव कोणत्या निकषावर झाला, याचा खुलासा अद्याप अप्राप्त आहे.

उतरताना खरं तर सावध व्हायला हवं होतं, कारण समोरून वर येणारी माणसं काहीच बोलत नव्हती. देवदर्शन करून आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर प्रसन्नता असावी अशी आपली अपेक्षा असते. यांच्या चेहऱ्यावर फक्त पुढची पायरी होती. एक गृहस्थ कठड्याला धरून उभे होते. मी आदराने विचारलं, ‘‘दर्शन चांगलं झालं का?’’ त्यांनी हाताने ‘थांबा’ अशी खूण केली आणि मी दृष्टीआड होईपर्यंत ती तशीच ठेवली.

रांगेबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही. तुमच्या पुढे उभ्या राहिलेल्या एका काकूंची आठ माणसं ‘‘आम्ही यांच्याबरोबरच आहोत’’ म्हणत मधे शिरली असतील, तशीच माझ्याही पुढे शिरली. गाभाऱ्यात मी एक निश्चित विषय घेऊन गेलो होतो. बाकीचे लोक नोकरी, मुलीचं लग्न वगैरे मागत होते. मला फक्त पायऱ्यांच्या दिशेबाबत माझं म्हणणं मांडायचं होतं. पण लिंग जमिनीलगत, त्यामुळे वाकावं लागतं. वाकलं की मागच्याचा कोपर मानेवर येतो. आणि मान वर करेपर्यंत ‘‘चला, चला, पुढे चला’’ सुरू होतं. अर्जदारास बाजू मांडण्याची पुरेशी संधी न देता प्रकरण निकाली काढण्यात आलं. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेल्या ठिकाणी नैसर्गिक न्यायाची ही अवस्था आहे.

बाहेर सभामंडपात टेकलो तेव्हा शेजारचे आजोबा नातवाला कथा सांगत होते. त्रिपुरासुराशी युद्ध झाल्यावर शंकर इथे विश्रांतीला थांबले, त्यांच्या अंगातून घाम वाहिला आणि त्या घामाची भीमा नदी झाली. घाम युद्धाचाच होता, असं पुराण सांगतं. मला संशय पायऱ्यांचा आहे.

आणि त्या नदीचा धोरणीपणा बघा. जन्मल्याक्षणी तिने उताराची वाट धरली, पंढरपूरला चंद्रभागा म्हणून मिरवली आणि पुढे कर्नाटकच्या टोकाला कृष्णेला मिळाली. एवढ्या सगळ्या प्रवासात तिला एक पायरी वर चढायला कुणी लावलेली नाही. भीमाशंकरला येऊन फक्त खाली जायची मुभा असलेली ती एकटीच.

मंदिराचं शिखर नाना फडणवीसांनी बांधवलं. इतका हिशेबी कारभारी, सबंध पेशवाईचा जमाखर्च ज्याच्या बोटांवर, त्याला हा उतार-चढाचा ताळेबंद दिसला नसेल हे माझ्या मनाला पटत नाही. पण मेणवलीला कृष्णाकाठी त्यांनी बांधलेला घाट पाहिलात तर लक्षात येईल, की तिथेही नदीपर्यंत आधी उतरायचं आणि मग वर यायचं आहे. म्हणजे ही नजरचूक नव्हे, हे धोरण आहे. भीमाशंकरला शनिमंदिराजवळ टांगलेली ती मोठी परदेशी घंटा तर सगळ्यांवर कडी आहे. 1739 साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या विजयातल्या घंटांपैकी ही एक. ही अवजड वस्तू कोकणातून सह्याद्रीवर चढवली आणि नंतर पुन्हा खाली देवापर्यंत उतरवली. ज्यांनी उतरवली त्यांचं मत कुणी नोंदवून ठेवलेलं नाही, पण ती परत वर न्यायचा विचार त्यानंतर कुणीही केलेला नाही, यातून काय ते समजा.

मग चढण. उतरताना माझ्याकडे ढुंकूनही न बघितलेले डोलीवाले आता चार पावलं माझ्याबरोबर चालू लागले. ‘‘काका, डोली?’’ बायकोला विचारलं नाही. माझ्याहून वयाने मोठ्या दिसणाऱ्या एका माणसाला विचारलं नाही. मला विचारलं, आणि विचारताना माझ्या पोटावरून नजर फिरवून दोघांत काहीतरी कुजबुजले. तो बहुधा दराचा प्रश्न असावा. मी नको म्हणालो. ते काही बोलले नाहीत, फक्त जरा मागे राहून चालू लागले. असल्या शांत आत्मविश्वासाचा मनावर फार वाईट परिणाम होतो. पहिल्या वळणावर मी देखावा बघायला थांबलो. धुक्यामुळे देखावा नव्हता, तरी बराच वेळ बघितला. एवढ्यात नऊवारीतल्या एक आजी, डोक्यावर बोचकं, तोंडाने अखंड गप्पा, मला ओलांडून गेल्या आणि जाता जाता ‘‘बसा जरा, बसा’’ असं म्हणाल्या. सदर सहानुभूती मी मागितलेली नव्हती.

वर पोचल्यावर निदान नागफणीच्या टोकावरून कोकण बघू म्हटलं, तर तिथे पांढऱ्या भिंतीपलीकडे काही नव्हतं. त्या भिंतीसमोर ओळीने उभं राहून लोक फोटो काढत होते. शेवटची आशा शेकरूची. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. त्याच्यासाठी 1985 मध्ये हे अभयारण्य घोषित झालं. पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे 130 चौरस किलोमीटर जागा. शिवाय एकेक शेकरू झाडांच्या शेंड्यांवर एकापेक्षा जास्त घरटी बांधून ठेवतं. आपल्याकडे दोन खोल्यांवर तिसरी चढवायची तर सोसायटी ना हरकत देत नाही. इतक्या सवलती घेऊन राज्याचा हा अधिकृत प्रतिनिधी दिवसाढवळ्या जागेवर हजर नव्हता. चहाच्या टपरीवाल्याला विचारलं तर म्हणाला, ‘‘सकाळी होतं की! तुमी याच्या आधी.’’ हे वाक्य मी अनेक सरकारी कार्यालयांत ऐकलेलं असल्याने पुढे चौकशी केली नाही. मुद्दा वेगळाच आहे. शेकरू सहसा जमिनीवर उतरतच नाही, या फांदीवरून त्या फांदीवर झेप घेतं. मंदिराच्या परिसरात राहून पायऱ्यांचा प्रश्न समाधानकारकरीत्या सोडवलेला एवढा एकच रहिवासी मला आढळला.

या सगळ्याची तड लागते न लागते तोच मावसभावाचा फोन. वर रेंज नसते, त्यामुळे तो खाली घोडेगावात येऊन लागला. मी भीमाशंकर म्हटल्याबरोबर त्याने विचारलं, ‘‘खरं ते आसामातलं ना?’’ 2023 मध्ये आसाम सरकारच्या जाहिरातीवरून जो वाद झाला, तो त्याने कुठेतरी वाचलेला होता. गुवाहाटीजवळच्या डोंगरातलं भीमाशंकर हेच सहावं ज्योतिर्लिंग, असं तिकडे म्हणतात. माझ्या पोटऱ्या दगड झालेल्या, चपला मावशींकडून सोडवताना बेल-फुलाचा दुसरा पुडा घ्यावा लागलेला, आणि हा गृहस्थ कोथरूडमध्ये सोफ्यावर बसून सह्याद्रीचं ज्योतिर्लिंग परस्पर ब्रह्मपुत्रेकाठी हलवत होता. मी आवाज चढवला नाही. एकच माहिती मागितली. तिकडे जाताना पायऱ्या आधी चढायच्या आहेत, की आधी उतरायच्या?

त्याला सांगता येईना. म्हणाला, विचारून कळवतो. अजून कळवलेलं नाही.